तिसरं मत

बासष्ट साली लोणारजवळच्या एका गावात ग्रामपंचायतीची निवडणूक झाली आणि किसनराव पाटील दीडशे मतांनी निवडून आले. त्यांच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या बौद्धवाड्यातल्या माणिकला फक्त तीन मतं पडली. एक त्याचं स्वतःचं, एक त्याच्या बायकोचं. बाकी वाड्यानं, पाटलाच्या वावरातलं काम जाईल म्हणून, पाटलालाच मत दिलं होतं. त्या तिसऱ्या मतापायी किसनरावांच्या घशाखाली घास उतरेना.

चौथ्या दिवशी त्यांनी आपल्या वीस वर्षांपासूनच्या सालदाराला, कडूबाला, ओसरीच्या खांबाला बांधलं. माणिकच्या पोरीच्या लग्नात तो जेवून आला होता, एवढा पुरावा त्यांना पुरे होता.

"मालक, मी शिक्का तुमच्याच कंदिलावर मारला," कडूबा रडत म्हणाला. "गुरुजी, तुमी होते ना तिथं? सांगा ना यायले."

मतदान घेणारे गुरुजी जमिनीकडे पाहत म्हणाले, "मले कसं माईत असन, कडूबा? कोणाचं मत कोणाले पडलं, हे कोणालेच कळू नये, असा कायदा आहे."

"चांगला कायदा आहे," किसनराव म्हणाले आणि त्यांनी आसूड उचलला.



आत चुलीपुढे बसलेल्या पाटलीणबाईंनी एकेक फटका ऐकला, तव्यावरची भाकर उलटली आणि पुढच्या वेळी नवऱ्यालाच मत द्यायचं ठरवून टाकलं.