फेसपॅक

नवऱ्याच्या नाकावर टिच्चून तिने ब्यूटी पार्लर उघडलं होतं, आणि आता ते झकास चालत होतं. नेमकं तेच त्याला खुपलं. भर दुपारी तो तणतणत आत शिरला. त्याने आरसा फोडला, तिच्या झिंज्या धरल्या आणि तिला भिंतीवर आपटलं.

"लोकांची थोबाडं रंगवतेस? आज तुझंच रंगवतो!"

फेसपॅक लावून खुर्चीत पडलेली एक बाई धडपडत मध्ये आली. त्याने तिच्याही कानाखाली सणसणीत ठेवून दिली. निम्मा पॅक त्याच्या हाताला लागला, आणि खालचा चेहरा पाहून त्याची बोबडीच वळली.

"आई, तू? इथे?"

एव्हाना बाकीच्या बायकाही खुर्च्यांतून उठल्या होत्या.


"हात अगदी बापाच्या वळणावर गेलाय तुझा," सासूबाई गाल चोळत म्हणाल्या. "सूनबाई, दार आतून लाव गं."