यवतमाळचा डबा

विमानतळावरच्या तपासणीत बायकोच्या पिशवीतून तीन डबे निघाले, तेव्हा रिटायर्ड एस्टी ड्रायव्हर दत्तोबांनी कपाळाला हात लावला.

"अगं, दीड तासात नागपूर येतंय."

"तुमच्या नागपूरच्या गाडीला तीस वर्षं तीनच दिलेत मी," आक्काताई म्हणाल्या. "मोहोळला खायचा, नांदेडचा आणि यवतमाळचा."

विमान उडालं तसं त्यांनी खिडकीला नाक लावलं. "मोहोळ आलं की दाखवा हं."

दत्तोबांनी वाकून पाहिलं. वीस तासांच्या त्या रस्त्याचा खड्डा न् खड्डा त्यांना पाठ होता, पण खाली नुसतेच ढग. रिटायर झालो की तुला माझा रस्ता दाखवीन, असा शब्द त्यांनीच दिला होता. ते ढगांत फट शोधत राहिले आणि विमान उतरलंसुद्धा.

तासाभरानं बाहेर थांबलेल्या लेकीचा फोन आला. "आबा, विमान कधीच उतरलंय. अजून कुठं आहात?"

सामानाच्या पट्ट्याशेजारी बाकावर दोघं जेवत बसले होते आणि दत्तोबा मोहोळपासूनचं एकेक वळण सांगत होते.

त्यांनी तिसऱ्या डब्याचं झाकण काढलं. "यवतमाळला पोचलोय. तुझ्या आईला घेऊन येतो सावकाश."