डावी टाकी

"टाकी बदलायला विसरलीस?" मुख्य प्रशिक्षकांनी विचारलं. शिकाऊ मुलगी खाली मान घालून उभी राहिली.

खिडकीतून पलीकडचं नांगरलेलं शेत दिसत होतं. त्यात सरावाचं विमान नाक खुपसून बसलं होतं. डावी टाकी कोरडी ठणठणीत, उजवी अर्धी भरलेली, आणि कुठल्या टाकीतलं इंधन इंजिनाला जावं ते ठरवणारी चावी मात्र डावीकडे. यात विचारायचं तरी काय होतं? तिच्या गप्प बसण्यालाच त्यांनी कबुली मानलं आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगून टाकलं.

तिला शिकवणारे सर भिंतीला टेकून उभे होते. कपाळावर पट्टी, तोंडाला कुलूप. खरं काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. चावी तिनं वेळेवर उजवीकडे फिरवली होती. ती बाहेर बघतेय असं पाहून सरांनीच चावी गुपचूप पुन्हा डावीकडे केली. ही त्यांची जुनी खोड. शिकणाऱ्याच्या लक्षात येतंय का बघायचं, नाही आलं तर कान उपटायचे आणि चावी परत जागेवर. आज मात्र विमान वळवण्यावरून तिची खरडपट्टी काढण्यात ते असे रंगले की चावीचं पार विसरूनच गेले. उतरताना, झाडं अगदी जवळ आलेली असताना, इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. चावीकडे हात जायलाही वेळ उरला नाही.

मुलगी दाराकडे वळली. तिचं कोपर खरचटलेलं होतं. सरांना स्वतःची शरम वाटली. त्यांनी तिला थांबवलं आणि मुख्य प्रशिक्षकांपुढे सगळं ओकून टाकलं. उद्यापासून येऊ नका, हे आता सरांना ऐकावं लागलं.

बाहेर व्हरांड्यात त्यांनी तिला गाठलं. जीव थोडा हलका झाला होता.

"पोरी, माझ्यामुळे तुला नाहक ऐकून घ्यावं लागलं. तुला कुठे माहीत होतं, चावी मी फिरवली ते."

"माहीत होतं, सर. तुमचा हात दिसला होता मला."

सर जागच्या जागी थांबले.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ती पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघत म्हणाली, "पहिल्याच दिवशी तुम्ही बजावलं होतंत, मी शेजारी असताना तोंड उघडायचं नाही."