लोटलेलं दार

हैदराबादच्या गौलीगुड्यातलं एकनाथरावांचं घर दुपारपर्यंत बहुतेक उतरवून झालं होतं. छपराचे वासे, शहाबादी फरशा, चुना खरवडून साफ केलेल्या विटा, सगळं टेम्पोत बसून दुसऱ्यांच्या घरी राहायला गेलं होतं. "जेसीबी लावला की सगळ्याचा राडारोडा होतो, आणि तो कुठल्या तरी तलावात नेऊन ओततात," असं किशोर भेटेल त्याला सांगायचा. जुनी घरं हातानं सोडवायची आणि त्यांचं सामान नव्या घरांना द्यायचं, हाच त्याचा धंदा होता. बिल्डरनं त्याला आज संध्याकाळपर्यंतची मुदत दिली होती. दम धरवेना म्हणून की काय, जेसीबी आत्ताच गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा होता.

आता राहिलं होतं फक्त पुढचं दार. दोन्ही बाजूंच्या भिंती गेल्या तरी चौकटीसकट ते आपलं उभं होतं, बल्लारशाच्या सागवानाचं, एकनाथरावांनी नोकरी लागल्यावर हौसेनं करून घेतलेलं.

विटा कुठल्या घरच्या, हे कुणी विचारत नाही. फरशीचंही तेच. दाराची चौकट घेताना मात्र माणसं विचारतात. सकाळपासून दोन गिऱ्हाइकांनी विचारलं होतं, आणि एकनाथरावांनी त्यांना सरळ सांगितलं होतं, "मुलगा गेला आमचा." दोघंही दाराला हात न लावता परत गेले होते.

तिसरी आली मानसी. नोकरीसाठी पुण्याहून इकडे आलेली, शंकरपल्लीला घर बांधत होती. होईल तेवढं जुन्या सामानात बांधायचं, हा तिचा हट्ट होता. दार तिला बघताक्षणी आवडलं. तिनं फळ्यांवरून हात फिरवला आणि मग ओशाळून म्हणाली, "काका, मला स्वतःला यातलं काही वाटत नाही. पण सासूबाईंनी विचारायला सांगितलंय. या घरात कुणी अवेळी गेलेलं नाही ना?"

गल्लीत खुर्ची टाकून बसलेल्या जयवंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं.

अकरा वर्षांपूर्वी त्यांचा हर्षवर्धन आबिड्सला जाऊन येतो म्हणून याच दारातून बाहेर पडला होता. पोलीस झाले, देव झाले, दर्गे झाले. तो आला नाही. तेव्हापासून जयवंताबाईंनी या दाराला रात्री कधी कडी लावली नव्हती, नुसतं लोटून ठेवायच्या. एकनाथराव मात्र म्हणायला लागले होते, "गेला तो, जयवंता. बारा वर्षं भरली की पळसाच्या पानांचा पुतळा करून अग्नी देऊ. पोराला मोकळं करू." हा विषय निघाला की त्या ताटावरून उठायच्या.

एकनाथरावांनी एकदा जेसीबीकडे पाहिलं, एकदा दाराकडे.

"नाही," ते म्हणाले. "कुणी गेलं नाही. एक मुलगा आहे आमचा. बाहेर असतो."

जयवंताबाईंना इतकी वर्षं त्यांच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. आज ते ऐकायला मिळालं. ते दारासाठी बोलले, हे त्यांना समजत होतं. पण दुसऱ्याच्या लेकीला अंधारात ठेवून दार गळ्यात मारायचं, हे काही त्यांना जमेना.

"इकडं ये, बाई," त्या म्हणाल्या. "हे खरं नाही बोलले, अन् खोटंबी नाही बोलले. पोरगा अकरा वर्षांखाली या दारातून गेला, तो आलाच नाही. हे म्हणतात, गेला. मी म्हणते, यायचा आहे. आता तू ठरव. नक्को म्हणलीस तरी राग नाही आमचा."

किशोरनं कपाळाला हात लावला.

मानसी काही बोलायच्या आत तिचा फोन वाजला. पलीकडे सासूबाईच होत्या. त्यांचं बोलणं ऐकता ऐकता तिची नजर दारावरच्या वापराविना गंजलेल्या कडीवर होती.

"हो आई, विचारलं," ती म्हणाली. "नाही. अजून कुणी गेलेलं नाही."

तिनं फोन ठेवला आणि किशोरला म्हणाली, "घ्या उतरवून."

किशोरच्या माणसांनी चौकटीखाली पहारी घातल्या. "ही कडी कामातून गेलीय, मॅडम," किशोर म्हणाला. "नवी बसवून देतो."

"नको, राहू दे तशीच."

"तशीच कशी?" जयवंताबाई खुर्चीतून उठल्या. "नवी लाव रे, किशोर. लेकराबाळांचं घर आहे. रात्री आठवणीनं कडी लावत जा, बाई. दार आता तुझं आहे." त्यांनी पदरानं दाराच्या फळ्या वरपासून खालपर्यंत पुसल्या. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

दार घेऊन टेम्पो गेला आणि जेसीबी गल्लीत शिरला. जयवंताबाईंनी त्याच्याकडे पाठ केली. एकनाथराव शेजारी नव्हते. ते कोपऱ्यावरच्या इस्माईलभाईच्या पानाच्या टपरीवर दोन्ही हात टेकून, आत वाकून उभे होते. मागं जेसीबी गुरगुरत होता, म्हणून त्यांना मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"हमारा पोट्टा आया तो बोलना भाई, दरवाजा शंकरपल्ली गया करके."