काडीपेटी

आनंदाबाईचा मोडलेला हात सहा वर्षांपूर्वीच जुळला होता, पण आतली आग विझली नव्हती. पदर घासला तरी ती कळवळायची. पंच्याऐंशी साली मुंबईच्या एका डॉक्टरांनी नवा इलाज सुचवला. लोखंडी खोलीत बसायचं, दार बंद करून आतला दाब वाढवायचा आणि तासभर निव्वळ ऑक्सिजन घ्यायचा, असं वीस दिवस. त्यांनी काही लपवलं नाही. "गुण येईलच असं नाही. कान दुखतील. आणि आत ठिणगी पडली, तर वाचवणं अवघड. म्हणून काडीपेटी, दागिने, सगळं दाराबाहेर ठेवायचं."

नाचणगावला घरी आल्यावर तिचा नवरा गुलाबराव भडकलाच.

"पागल झाली का तू? दुखण्यानं कोणी मरत नाई. पन ठिनगी पडली तं? अन् मी जिता असताना मंगळसूत्र काढशीन? तासभर मी बाहेर जीव मुठीत धरून बसू काय?"

आनंदाबाईनं चांगल्या हातानं मंगळसूत्र गळ्यातून काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं.



"तेवीस वर्षं रोज सकाळी गेटवर काडीपेटी देऊन तुमी दारूगोळ्याच्या डेपोत गेले, अन् संध्याकाळी तुमची सायकल दिसेपर्यंत मी जीव मुठीत धरून बसली. आता तासभर तुमी बसा."