शेजारचा विस्तव

तळ्याकाठी सहलवाल्यांसाठी तंबू ठोकायची जागा केलेली. त्या दिवशी तिथं आमचा एकच तंबू होता, आणि चूल काही केल्या पेटत नव्हती.

"ऊसतोडीला पाचटाच्या कोपीत राहून मन भरलं न्हाई का तुमचं?" पीठ मळता मळता माझी बायको दैवशाला म्हणाली. "झरीहून इथवर हौसेनं तंबूत आनलंत."

"गप बस!" मी शेवटची काडी ओढली. तीही विझली. फुंकून फुंकून डोळे जळत होते.

"शेजारून विस्तव मागून आनते," म्हणत ती गवरीचा तुकडा घेऊन उठली. फडावर शेजारच्या कोपीतून विस्तव आणायची तिला सवयच होती.

"अगं, इथं शेजारी हाय कोन?" मी ओरडलो.

तिनं तळ्याकडं बोट दाखवलं आणि चालू लागली.

मावळतीच्या संथ पाण्यात आमचा तंबू उलटा दिसत होता. त्याच्या दारात चूल धडधडून पेटली होती.

मी मागं वळून पाहिलं. आमची चूल थंडगार.

पुन्हा वळलो तर दैवशाला परत येत होती. हात कोपरापर्यंत ओला, पदर निथळत होता, आणि गवरी लालभडक धुमसत होती.

"चांगली मानसं हायत," ती म्हणाली. "जेवायला तिकडंच बोलावलंय."