दुसऱ्या मालकाची सही

घरपट्टीच्या खिडकीवर तीस वर्षं बसून निवृत्त झालेली ताई वरच्या मजल्यावर राहायची आणि तिचा धाकटा भाऊ खालच्या. गच्ची दोघांची, अबोला सहा वर्षांचा. त्या सकाळी भाऊ एक कागद छातीशी धरून जिना चढून आला आणि दाराबाहेरूनच घसा खाकरून म्हणाला, "गच्चीवर सोलर बसवलंय ना, त्याची घरपट्टीत सूट मिळते. अर्जावर तुझीही सही लागते. नाहीतर मी कशाला आलो असतो?"

"कळलं, कळलं. आण इकडे."

ताईने चष्मा चढवला. हा अर्ज तिने नोकरीत हजारदा तपासला होता. एकाच मालकाची सही पुरते, हे तिने झोपेतून उठवलं तरी सांगितलं असतं. पण या अर्जाच्या तळाशी पट्टीने आखलेली एक जादा रेघ होती आणि तिच्यावर भावाच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं : 'दुसऱ्या मालकाची सही'.

असला अर्ज तिने एरवी खिडकीतून परत भिरकावला असता. आज तिने त्या रेघेवर ठसठशीत सही केली, पण कागद काही हातातून सोडला नाही.

"एक लक्षात ठेव. ही सूट दर रविवारी नव्याने घ्यावी लागते. बायकोमुलांना घेऊन, जेवायच्या वेळेला, इथे वर येऊन."

"असा नियम कुठे लिहिलाय?"

"तुझ्या रेघेखाली जागा आहे की. तिथे लिही."

भाऊ कानांपर्यंत लाल झाला. मग चपला काढून आत येत म्हणाला, "ताई, पट्टी दे."